पंख्यांचं कापड

नवीन पनवेल
९ ऑगस्ट २०११

प्रिय आसिया,

पाकीट मिळालं. पोस्टमनने दाबून बघितलं आणि विचारलं, "आत गादी पाठवलीय काय?" मी म्हटलं, कापडाच्या कतरणी आहेत, आफ्रिकेतून आल्यात. तर म्हणतो, "आपल्याकडं कापडं संपली काय?" आता तूच सांग, अशा गावात मी आफ्रिकन प्रिंटचे कपडे विकायचे म्हणजे काय करायचं!

फोनवर तू मला रंग सांगतेस, ईमेलमध्ये फोटो पाठवतेस, पण कापड बोटांत धरल्याशिवाय माझं डोकं चालत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा आपलं हे पत्राचंच बरं. मीही जे शिवेन त्याची कतरण प्रत्येक पत्राला टाचणीने लावून पाठवीन.

दोन वर्षं वाशीला जाऊन आपण डिप्लोमा केला, मिळून दुकान टाकायचं ठरवलं, आणि तू अदीबभाईंचा फोटो बघून थेट दारेसलाम गाठलंस. मागे राहिले मी आणि हा सेक्टरमधला बाबांचा गाळा. बाहेर मी मोठ्या हौसेने तुझ्या त्या आफ्रिकन छापील कापडाचे, किटेंगेचे, कुर्ते टांगले. येणारी प्रत्येक बाई हात लावते आणि विचारते, "पडद्याचं कापड का हो?" मग पिशवीतून साडी काढते आणि म्हणते, "फॉल-पिको करून द्या." डिझायनर म्हणे!

आणि आता कान देऊन ऐक. बाबांनी मुदत घातलीय. फेब्रुवारीत मितेशचं लग्न आहे, करंजाड्याची दमयंती. लग्नापर्यंत धंदा दिसला तर गाळा माझा, नाहीतर तिथे मितेश मोबाइलचं दुकान टाकणार. मितेशने आताच आतून भिंती मोजल्यात. सख्खा भाऊ!

पण मला एक गोष्ट सुचलीय. आमच्याकडे हळदीला भावकीतल्या सगळ्या बायका सेम साड्या नेसतात, तू बघितलंयस. गेल्या वर्षी एका घरी सगळ्या पोपटी होत्या, लांबून भाताची लावणी झाल्यासारखी वाटत होती. मी म्हटलं, मितेशच्या हळदीला सगळ्यांना सेम किटेंगे, पण प्रत्येकीचा कट वेगळा! कोणाला जॅकेट, कोणाला कुर्ता, कोणाला लांब घागरा. एका दिवसात सगळ्या पंचक्रोशीला माझं काम दिसेल.

हे पास करून घ्यायचं होतं भीमाआत्याकडून. बाबा कोणाला घाबरत नाहीत, पण मोठ्या बहिणीला घाबरतात. नवरा गेल्यावर ती विचुंब्याला माहेरी आली, त्याला तीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून आमच्या घरातलं पान तिला विचारल्याशिवाय हलत नाही. मला वाटलं, झाडूनच काढेल. तिने तू पाठवलेली ती निळ्या रंगावर हळदी पंख्यांची कतरण उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "ह्ये आपल्याकडं कोन नेसतं?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

"कोनच नाय? नक्की?"

"नाही गं आत्या."

"मग ह्येच."

बाबांना म्हणाली, हळद सांडली तरी दिसायची नाय. बाई किती पुढच्या विचारांची आहे बघ! मला तिच्याबद्दल उगाच वाटायचं. आता मला लवकर कळव, हे पंखे पुरेसे मिळतील का?

तुझी,
पूर्वी

दारेसलाम
३ सप्टेंबर २०११

प्रिय पूर्वी,

ईद मुबारक, उशिराने. शीरखुर्मा केला, दूध करपलं, अदीब मुकाट्याने दोन वाट्या प्यायले. नवरा चांगला आहे, तू उगाच त्यांच्या फोटोला नावं ठेवू नकोस.

तुझ्या भीमाआत्यांनी हो म्हटलं? मला तर पत्र दोनदा वाचावं लागलं. लहानपणी त्यांची नुसती सावली दिसली तरी मी पळायचे.

पंखे मिळतील. मी मामा रेहेमाला विचारलं. मामा म्हणजे इथे बाईला मानाने म्हणतात, मामा समजून नमस्कार सांगू नकोस. आमच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान आहे, ओटीवर दोन मशिनी आणि एक तडा गेलेला आरसा. पण तिचे कट बघशील तर वाशीच्या आपल्या बाईंना विसरशील. स्वतःच्या नावाची चिंधी ती प्रत्येक कपड्याच्या आत शिवते. तुझी आयडिया ऐकून ती हसली. इथेही लग्नात घरातल्या सगळ्या बायका एकच कापड घेतात, म्हणाली, आणि मग गुपचूप आपापल्या शिंप्याकडे जातात. कापड सगळ्यांचं, कट ज्याचा त्याचा. लग्नाच्या दिवसापर्यंत कोणी कोणाला दाखवत नाही. म्हणजे तू काही वेगळं करत नाहीयेस, तिथे पहिल्यांदा करतेयस.

किटेंगे अख्खं घेतलं तर सहा वार येतं. ड्रेसला तीन वार बस्स. तेव्हा एकेका कापडाचे दोन तुकडे करून पाठवते. किती बायका ते नक्की कळव. हसनचाचा डिसेंबरात पनवेलला येतायत, त्यांच्या गळ्यात बॅगा घालू.

मला इथे अजून मशीन घ्यायला जमलं नाही. मामा रेहेमाच्या ओटीवर बसून मी काज-बटणं करते. तेव्हा हा तुझा गाळा गेला तर माझाही गेला असं समज.

तुझी,
आसिया

नवीन पनवेल
२४ सप्टेंबर २०११

प्रिय आसिया,

एकदाच्या मोजल्या. एक्केचाळीस.

माप घ्यायला मी टेप घेऊन विचुंब्यात घरोघर गेले. एकीने तरी टेप अंगाला लावू दिली असेल तर शपथ. "माप कशाला, मापाचा ब्लाउज ने की!" आणि प्रत्येक ब्लाउज देताना एकच वाक्य: "ह्यो जरा घट्ट व्हतो, थोडा सैल कर." आता गाळ्यात एक्केचाळीस ब्लाउज टांगलेत आणि त्यातला एकही बरोबर मापाचा नाही. मितेश बघून म्हणाला, "सेल लावलाय का?"

पण चित्रं झालीत, सगळीच्या सगळी. माझ्या आईला, म्हणजे कुमुदबाईंना, उंच कॉलरचं जॅकेट. त्या चित्र बघून आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "बटणं मोठी लाव." वसुंधराकाकूंना मागे झालर. त्यांची मान सदा ताठ असते, झालर शोभेल.

भावकीत बायका तशा अठ्ठेचाळीस आहेत. पण आत्या धरून सात जणी नवरा गेलेल्या. त्या हळदीला मागच्या पडवीत भाकऱ्या आणि भांडी बघतात, त्यांना फिकट साडी वेगळी देतात, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नाही. सात मापं वाचली! तेव्हा एकवीस अख्खी घे आणि दोन-दोन तुकडे कर.

या वेळी कतरण माझ्या कच्च्या जॅकेटची आहे, साध्या मांजरपाटाची. काखेतला गोल मामा रेहेमाला दाखव आणि खरं खरं काय म्हणते ते लिही.

तुझी,
पूर्वी

विचुंबे
२ ऑक्टोबर २०११

आसिया पोरी,

मी विचुंब्याची भीमाबाई, पूर्वीची आत्या. मना लिवता येत नाय, म्हनून शेजारचे गुरुदत्त मास्तर लिवतान. मी बोलतंय तसंच लिवा, सुधारू नका, असं त्याना पयलंच बजावलंय.

तुजं पत्र मशिनीवर ठेवून पूर्वी जेवाला गेली, तवा मी ते मास्तरांकडनं वाचून घेतलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये ह्ये मना ठावं हाय. तरी वाचलं.

तू लिवलंयस का एका कापडाचं दोन तुकडं करून पाठवतंय. करू नको. आख्खं पाठव. सहा वार ते सहा वार. कैची लागता कामा नये. आनि एकेचालीस बायकांना एकेचालीस नाय, अठ्ठेचालीस पाठव. पंख्यांचंच पाठव, दुसरं नको. त्याच्या पैशाचं काय ते मी माज्या भावाला, रामूला, सांगतंय, तुमी पोरींनी त्याचा घोर करू नका.

पूर्वीला सांगू नको. तिना इचारलं तं बोल, दुकानदार कापून देत नाय. खोटं बोलल्याचं पाप माज्यावर. मना आधीच लय हायेत, त्यात आनि एक.

का, ते इचारू नको. तू चौथीत असताना आमच्या परसातल्या कैऱ्या कोनी नेल्या, ते मी तुज्या आयशीला अजून सांगलं नाय. पुढं बी सांगायचं नाय असं मनात हाय.

तुज्या नवऱ्याला माजा आशीर्वाद.

भीमाबाई

ता. क. – लिहिणाऱ्याचा या कटाशी काहीही संबंध नाही. – गुरुदत्त

दारेसलाम
२५ ऑक्टोबर २०११

प्रिय पूर्वी,

कापड घेतलं. एक छोटी गडबड झालीय, पण रागावू नकोस. दुकानदार कापून द्यायला तयारच नाही. अख्खं घ्या नाहीतर जा, म्हणाला. शिवाय त्या पंख्यांचा गठ्ठाच अठ्ठेचाळीसचा होता, तोही फोडत नव्हता. मग काय करणार, सगळा उचलला. असू दे गं जास्तीचं. झालरीला, खिशाला, कुठेही लागतं.

मामा रेहेमा बाजूलाच उभी होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की काय सांगू. तिला मराठी येत नाही हे माझं नशीब.

तुझा काखेतला गोल तिला आवडला. म्हणाली, ही मुलगी हात वर करून नाचणाऱ्या बाईचा विचार करते, शहाणी आहे. तुझा मांजरपाट तिने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलाय.

भीमाआत्यांना माझा सलाम सांग. नक्की सांग हं.

तुझी,
आसिया

नवीन पनवेल
२१ डिसेंबर २०११

प्रिय आसिया,

आले! पंखे आले!

विमानतळावर हसनचाचांना अडवलं म्हणे. एवढी एकसारखी कापडं कशाला, असं विचारलं. चाचा म्हणाले, "घर में शादी है." साहेबाने विचारलं, "बायका किती?" चाचा म्हणाले, "अठ्ठेचाळीस." साहेबाने चाचांकडे नीट बघितलं आणि सोडून दिलं. साहेबाचा काय समज झाला असेल याचा विचार करून चाचींनी जेवण टाकलंय.

तो दुकानदार बाकी चांगलाच खट दिसतोय. पण माझी तक्रार नाही. काय रंग आहे गं! मी एक घडी उलगडली आणि गाळ्यात उजेड पडल्यासारखं झालं. कापड कडक आहे, कोऱ्या वहीसारखा वास येतो. मी कात्री काढली, खडू काढला, आणि मागून आवाज आला, "ठेव ती कैची."

आत्या. म्हणते, आधी मानाने द्यायचं. प्रत्येकीच्या दारात जाऊन, कुंकू लावून, नारळ देऊन, अख्खं कापड ओटीत घालायचं. मग त्या तुझ्याकडे शिवायला घेऊन येतील. मी म्हटलं, आत्या, अर्धं तर मी कापूनच घेणार आहे. तर म्हणाली, "कापलेलं कापड ओटीत घालतान काय? अपशकुन करतंस?" आईनेही मान डोलावली. यावर मी काय बोलणार?

वरची सात तिने स्वतःच्या पेटीत ठेवली. असू देत, म्हणाली, वेळेला लागतात.

असो. काल सगळं वाटून झालं. उद्यापासून रांग लागेल. मी मशीनला तेल घातलंय, बाहेर दोन खुर्च्या ठेवल्यात.

तुझी,
पूर्वी

नवीन पनवेल
१८ जानेवारी २०१२

प्रिय आसिया,

मजेत आहे. शिवण जोरात चालू आहे. गडबडीत आहे म्हणून थोडक्यात लिहिते. बाबा खूश आहेत. मामा रेहेमाला नमस्कार.

पूर्वी

दारेसलाम
१ फेब्रुवारी २०१२

प्रिय पूर्वी,

तुझं पाकीट मी तीनदा झटकलं. उलटं केलं, आत बोट घालून बघितलं. कतरण नाही.

जोरात शिवण चालू आहे आणि तुझ्याकडे एक कतरण नाही? बाई, पंख्याचं एक पातं तरी उरलं असतं. तू खोटं बोलतेस. लहानपणीही तू खोटं बोलताना वाक्यं छोटी करायचीस. बाईंनी विचारलं, गृहपाठ? "झाला. घरी आहे. वही." आठवतं?

पण मला बोलायला तोंड नाही, कारण आधी खोटं मी बोलले. दुकानदार अगदी सज्जन माणूस आहे. जन्मात कोणाला कापून द्यायला नाही म्हणाला नसेल. सोबत एक पत्र पाठवतेय, ते वाच. ऑक्टोबरपासून माझ्या गादीखाली आहे आणि मला झोप नाही. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, मानपानाचं काही असेल, अख्खं देऊन टाकू, शेवटी कापणार तर तूच. कैऱ्यांचंही मनात होतं, खोटं कशाला बोलू.

तुझा गाळा माझ्यामुळे गेला तर मी स्वतःला माफ करणार नाही. काय झालंय ते लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, पण लांब वाक्यांत घाल.

तुझी,
आसिया

नवीन पनवेल
१४ फेब्रुवारी २०१२

आसिया,

प्रिय लिहिलेलं नाही, लक्षात घे.

लांब वाक्यात ऐकायचंय ना, मग ऐक. डिसेंबर गेला, अर्धा जानेवारी गेला, माझ्या दोन्ही खुर्च्यांवर धूळ बसली आणि एकही बाई कापड घेऊन आली नाही, म्हणून मी स्वतः विचुंब्याला गेले, तर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यांवर पंखे वाळत होते, सहा-सहा वार लांब, कडकपणा जावा म्हणून धुतलेले, आणि प्रत्येकाला खालून फॉल लावलेला!

एक्केचाळीस फॉल-पिको. आणि तेही माझ्याकडे नाही, पनवेल बाजारातून करून आणलेले! वसुंधराकाकूंना विचारलं तर म्हणाल्या, "सहा वार हाय, मग साडीच ना गो? तुजी आत्या बी तेच बोलली."

सहा वार! आपण दोघी डिप्लोमावाल्या, आपल्याला सहा वारांत दोन ड्रेस दिसले. साडी दिसलीच नाही. चौथी नापास बाईलासुद्धा पहिल्या नजरेत दिसली असती.

आणि आता तुझं पत्र, आत आत्याचं पत्र. म्हणजे सगळं ठरवून. तू, ती आणि तो गुरुदत्त मास्तर, जो रोज माझ्याकडून पायजम्याची नाडी घालून नेतो! मी आत्यासमोर ते पत्र नाचवलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अक्षर चांगलं हाय मास्तरांचं."

यावर कळस म्हणजे परवा सगळ्या जणी गाळ्यात आल्या. मला वाटलं, पश्चात्ताप झाला. तर आत्या पुढे होऊन म्हणते, "साडी दिलीस, पदर कुठं हाय? सगलीकडं पंखंच पंखं. कुटून सुरू नि कुटं संपली, कलत नाय. पदर लावून दे." हळदीला बारा दिवस! मी म्हटलं, एक्केचाळीस पदर मी कुठून आणू? तर म्हणे, "अठ्ठेचालीस." मी विचारलं, वरचे सात कोणाला? "कर म्हनलं तं कर."

करतेय. काय करणार? बाजारातून साधं कापड आणलंय, हळदी, विटकरी, काळं, हिरवं, आणि तू आजवर पाठवलेल्या सगळ्या कतरणी जोडून पदर लावतेय. प्रत्येक वेगळा, कारण दोन सारखे करण्याइतकं काहीच उरलेलं नाही. आई बाजूला बसून टाके घालते आणि अधूनमधून "छान दिसतंय गो" म्हणते, त्याने मला आणखी रडू येतं.

काल बाबांनी पेंटरला बोलावून पाटीचं माप घ्यायला लावलं. 'मितेश मोबाइल'. बाबा वाईट नाहीत, त्यांनी दिलेला शब्द पाळला. मीच दाखवू शकले नाही. एक जॅकेट शिवलं असतं ना लोकांनी बघितलेलं, तर मला वाटलं असतं की निदान हरले तरी खेळून हरले.

कतरण पाठवत नाही.

पूर्वी

दारेसलाम
२ मार्च २०१२

प्रिय पूर्वी,

हळद होऊन गेली असेल. मी त्या दिवशी इथे घड्याळ बघत बसले होते. तिकडे आता मांडवात बसवलं असेल, आता हळद लागली असेल, असं अदीबना सांगत होते. ते म्हणाले, फोन कर. माझी हिंमत झाली नाही.

मामा रेहेमाला मी सगळं सांगितलं, खोट्यासकट. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, ती म्हातारी बाई स्वतः काय नेसणार होती? मी ते तुलाच विचारते. तुला माहीत आहे का?

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पाकिटात नुसती कतरण टाक. ती कशीही असली तरी मला समजेल.

तुझी (तू नाही म्हटलंस तरी),
आसिया

नवीन पनवेल
२४ मार्च २०१२

प्रिय, प्रिय आसिया,

दोनदा लिहिलंय, मागचं एक धरून.

मामा रेहेमाच्या पायाला हात लाव. मी सहा महिने आत्याबरोबर उठले-बसले आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

ऐक. हळदीला मांडव भरला होता. एक्केचाळीस जणी पंख्यांत, आणि ते पदर! मी रागारागाने लावले होते, पण एकत्र उभ्या राहिल्या तेव्हा मीच बघत राहिले. साडी एक आणि पदर कोणाचा कोणाशी जुळत नाही. करंजाड्याच्या बायका आमच्या बायकांना फिरवून फिरवून पाठी बघत होत्या. धवलारीण लग्नाची गाणी, धवले, म्हणत होती, मितेश पाटावर हळदीची वाट बघत बसला होता.

आणि मागच्या पडवीचं दार उघडलं. आत्या बाहेर आली. पंख्यांच्या साडीत, विटकरी पदर, त्यावर तुझ्या पहिल्या पाकिटातली पिवळी कतरण. तिच्या मागून त्या सहा जणी, एकमेकींचे हात धरून, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं येतात तशा. सगळ्या माना तिकडे वळल्या. बँडवाल्यालाही काय कळलं कोण जाणे, त्याने वाजवायचं थांबवलं.

वसुंधराकाकू म्हणाल्या, "आक्का, तुमी बी?"

आत्या म्हणाली, "का गो? हिरवी सवाशिनीची, फिकी आमची, ह्ये मना पाठ हाय. तीस वरसं पाठ हाय. ह्ये पंखं कोनाचं, तेवढं सांग. कंच्या पोथीत लिवलंय?"

काकूंनी धवलारणीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच तिच्याकडे बघितलं, कारण रीत तिला माहीत. ती बाई उठली, आत्याच्या पदराला हात लावला, बोटांत चोळून बघितला, विचार केला आणि म्हणाली, "ह्याची रीत मना ठावी नाय बा." आणि खाली बसून तिने पुढचा धवला सुरू केला.

झालं. नियमच नव्हता, मग मोडला कोणी?

आत्या पाटाकडे गेली. हात पुढे करू की नको असं तिचं झालं, ते मला दिसलं. मितेशनेच मान खाली घातली. आसिया, मी माझ्या भावाला आजपर्यंत कितीतरी शिव्या घातल्यात, त्या सगळ्या परत घेते. आत्याने त्याला हळद लावली. गाल चाचपला आणि म्हणाली, "दाढी नीट केली नाय रं." मी तिथेच उभी राहून हमसाहमशी रडले. बाबा मांडवाचा खांब तपासायला गेले, ते बराच वेळ तपासत राहिले.

मी तुला लिहिलं होतं, सात मापं वाचली. ते पत्र फाडून टाक. मला त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुजं जाकीट मी घातलं असतं काय? नाय. त्या सहा जनींनी बी नाय. तुमी एकेचालीस जनी जाकिटात, नि आमी परत मागच्या पडवीत. आनि सांगून केलं असतं तं घरात बैठक बसली असती. बैठक बसली का नियम निगतो."

आता गाळ्याचं. लग्नानंतर चौथ्या दिवशी करंजाड्याहून एक नवरा गेलेली आजी आली. दमयंतीची लांबची कोणी. मग दोन. मग विचुंब्यातल्या, मग एका रिक्षातून उरणकडच्या पाच. परवा बाबा पेंटरला घेऊन पाटी लावायला आले, तर गाळ्यात आणि पायरीवर मिळून अकरा आज्या बसलेल्या. बाबांना आत पाय ठेवायला जागा नव्हती. एकीने त्यांनाच विचारलं, "तुमाला बी साडी पायजे?" पेंटर म्हणाला, "शेठ, काय लिहू?" बाबांनी आज्या एकदा मोजल्या. मग म्हणाले, "हिचंच नाव लिव. मोठं लिव, ह्या बायांना लांबनं दिसाला पायजे." मितेशला ते करंजाड्यात गाळा बघतायत, सासऱ्याच्या शेजारी. तो खूश आहे.

आणि दमयंतीने चोरून एक जॅकेट शिवायला दिलंय! मोठ्या कॉलरचं. सोबत त्याची कतरण आहे. मामा रेहेमाच्या आरशाला लाव. काज-बटणं पुरे झाली, आता तू कापड निवड आणि मी पदर करते. पाटीवर खाली जागा ठेवायला सांगितलीय, आसिया हे नाव मावेल एवढी.

एक गोष्ट सांगायची राहिली. या बायका आल्या की आधी काही बोलत नाहीत. भाव विचारत नाहीत, रंग विचारत नाहीत. घडीवर हात ठेवतात, जरा वाकतात आणि हळूच विचारतात, "ह्ये आमाला चालंल ना?"

मी म्हणते, चालेल आजी. अजून कोणीच 'नाही' म्हटलेलं नाही.

तेव्हा शंभर पाठव. पंखे, छत्र्या, पक्षी, जे मिळेल ते, आणि हसनचाचांची वाट बघू नकोस. कोणीतरी नियम काढायच्या आत पाठव.

तुझी,
पूर्वी